अळीला बीटीची ‘सवय’ लागते, हे म्हणणं बरोबर आहे का?

वावरातली_मास्तरीण:
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते. सध्या आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा सुरू आहे. काल नैसर्गिक निवड सांगत होते, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला: “मॅडम, आमच्या बोंडअळीला बीटीची सवय लागली, तसंच ना?” (बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी कपाशी.) मी हो म्हणून मोकळी झाले, पण घरी येईस्तोवर मनाला टोचत राहिलं. बाबांची सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे. 2017 ला वरून चांगलं दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळट कवडी कापूस निघायचा. तेव्हा घरीही सगळे ‘सवय लागली’ असंच म्हणत. पण एकच अळी विष खाऊन खाऊन सरावते का? उद्या पोरांना काय सांगू?

कीडवाला:
ताई, सगळा घोटाळा ‘सवय’ या शब्दातच आहे. सवय एका जिवाला त्याच्या आयुष्यात लागते. बीटीवर अळीला सरावायला वेळ कुठे मिळतो? बोंडातलं क्राय प्रथिन, म्हणजे बीटीचं विष, पोटात गेलं की आतड्याच्या पेशींवरच्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं, पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते.

आता असंख्य अळ्यांत एखादीच्या जनुकात आधीपासूनच बदल असतो. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. तिचं आतड्यातलं ते प्रथिन जरा वेगळ्या घडणीचं, त्यामुळे विषाला चिकटायला जागाच मिळत नाही. हा बदल बीटीने घडवलेला नाही आणि अळीला गरज होती म्हणून आलेलाही नाही. बीटीने बाकीच्या मारल्या, हिची पिढी मागे उरली. साधारण महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी, म्हणजे एका हंगामात किती झाल्या बघा. उत्क्रांती होते ती अशी, अख्ख्या समूहाची.

मुलं इथे ‘बळी तो कान पिळी’ म्हणतील, त्यांना तिथेच थांबवा. ही अळी काही ताकदवान नाही. साध्या कपाशीवर तिला या बदलाचा काडीचा फायदा नसतो.

बीटी कपाशीला परवानगी मिळाली 2002 मध्ये, तेव्हा त्यात एकच क्राय प्रथिन होतं. 2006 ला दोन प्रथिनांचं बीजी-2 आलं. 2010 पर्यंत गुजरातेत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी अळी सापडलीही होती. तुम्ही 2017 ला पाहिलीत ती बीजी-2 लाही पुरून उरली.

फरदड_नको:
सर, 450 ग्रॅमच्या पाकिटासंगं नॉन-बीटीचं 120 ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं. आम्ही ते कधी लावलंच नाही. वाटायचं, अळीला मुद्दाम खायला कशाला द्यायचं? अन् बाजूला तुरीच्या ओळी होत्याच. त्याचा काही संबंध?

कीडवाला:
भाऊ, मुख्य संबंध त्याच पाकिटाचा आहे. हा बदल अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच अळी वाचते. छोट्या पाकिटातल्या झाडांवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटीवर वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुळले, तर होणाऱ्या अळीकडे बदललेलं जनुक एकच येतं आणि ती बीटीवर मरते. ती झाडंच नसली की वाचलेले वाचलेल्यांशीच जुळणार. तुरीचा उपयोग हिरव्या बोंडअळीपुरता, कारण ती तूर खाते. गुलाबीला मुख्यतः कपाशीच लागते. त्यात फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी वावरात उभी ठेवली, की तिला वाढीव पिढ्या काढायला फुलं-बोंडं आयतीच.

अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी नॉन-बीटी कपाशी लावून ही अळी बरीच वर्षं आटोक्यात ठेवली. पुढे वांझ केलेले पतंग सोडले, आणि 2018 मध्ये तिथल्या कपाशीतून ती हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. तुम्हाला दोष देत नाही, भाऊ. पाकीट हातात देताना हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

वावरातली_मास्तरीण:
सर, एक राहिलं. बदल आधीपासून असतो, तर तो येतो कुठून? पोरं हेच विचारणार.

कीडवाला:
डीएनएची नक्कल होताना चूक होते. पाढे उतरवून घेताना एखादा आकडा चुकावा तशी. बहुतेक चुकांनी काही फरक पडत नाही, काहींनी जीव दगावतो, आणि एखादी अशी उपयोगी पडते.

वावरातली_मास्तरीण:
उद्या बाबांच्या वावरातली किडकी बोंडं वर्गात नेते. फोडायला त्याच मुलाच्या हातात देणार.