मदत हवी आहे: इंग्रजी वाक्प्रचारांच्या सरावासाठी वाक्यं

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी बोलण्यातल्या इंग्रजीची सराव-कार्डं बनवतोय. पुढे मराठीत प्रसंग, मागे पूर्ण इंग्रजी वाक्य; उजळणी पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. नुसता अर्थ पाठ केला की ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून पूर्ण वाक्यच.

अडतंय ते शब्दांच्या जागेवर. मीटिंग पुढे ढकलायची असेल तर 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं. पण 'इट' आलं की 'पुट इट ऑफ'च. 'पुट ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर'च्या (सांभाळणं, काळजी घेणं) मध्ये 'इट' कधीच शिरत नाही, 'लुक आफ्टर इट'च म्हणायचं. नियम घोकून हे बोलताना आठवत नाही. शिकवणारे कुणी असाल तर कोणता तोंडी सराव घेता, ते कृपया सांगा.

शिवाय 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'सारखे (मुसळधार पाऊस) पुस्तकी नमुने नकोत. 'रन आउट ऑफ' (संपणं), 'फिगर आउट' (शोधून काढणं), 'फॉलो अप' (पाठपुरावा करणं) असे शॉप फ्लोअरवर, फोनवर खरंच कानावर पडणारे हवेत. प्रत्येकी 5 वाक्यं दिलीत तरी पुष्कळ. सोबत साहेबांशी बोलताना चालेल की फक्त मित्रांत, तेवढं नक्की लिहा. 'आय अ‍ॅम फेड अप' (मी वैतागलोय) वाटेल तिथे म्हणून चालत नाही.