आज्जीची वाकळ उसवावी का? आतलं कापड कसं ओळखायचं?

रंकाळाकाठची:
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, त्यात आज्जीची वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, निघाली. एक कोपरा उंदरानं कुरतडलाय. तिथून आत बघितलं तर एकाखाली एक सात थर. सगळ्यात वर आज्जीचं रोजचं हिरवं इरकल लुगडं, धुऊन धुऊन पार विरलेलं. त्याखाली आजोबांचं धोतर. मग निळ्या रेघांचा शर्ट, काजांची पट्टी तशीच, बटणं तेवढी काढून घेतलेली. आणि मधोमध लाल, चमक असलेलं काहीतरी. जेवढं दिसतंय त्यात एक पांढरा पट्टा आहे.

आई सांगते, दुपारची जेवणं झाली की आज्जी सोप्यात कापडं अंथरायची. कापड सरकू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर पाटा आणि वरवंटा, उरलेल्या दोन्हींवर आई आणि तिची भावंडं. कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत आत यायचं. काल मी टेप लावून मोजलं. इंचाला पाच टाके, ओळीमागून ओळ पाचच. मध्याच्या जवळ एका जागी पांढरा दोरा संपून काळा सुरू होतो आणि तिथून टाके एकदम लांब होतात, इंचाला तीन. आईला विचारलं तर म्हणाली, "तिथनं पुढचं माझं हाय. आईला दिसत नव्हतं, मोतीबिंदू हुता. मी नववीत हुते."

म्हणजे ती जागा बोटानं दाखवता येते, जिथं आज्जीला दिसायचं थांबलं.

मी दिवसभर बँकेत आकड्यांत असते. घरी आल्यावर पुन्हा मोजायला बसावं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. पण हे टाके मोजताना रात्रीचा एक वाजला. कापड कुणी विणलं, कसं विणलं, कुठून आलं, हे सगळं जाणून घ्यावंसं वाटतंय. तेव्हा दोन प्रश्न. ते लाल कापड काय असावं? आणि बघण्यासाठी वाकळ उसवली तर चालेल का?

काठपदर:
लालात पांढरा पट्टा म्हणजे बहुतेक इरकलचाच पदर. जुन्या पद्धतीच्या पदरात तीन लाल पट्टे आणि त्यांच्या मधे दोन पांढरे असतात. हे लुगडं बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं, पण आपल्याकडं घरोघरी इतकं नेसलं गेलं की नावही आपण आपल्या जिभेवर इरकल करून घेतलं.

त्यातली खरी करामत जोडात आहे. अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे तार, सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि दोन्ही एकमेकांत फासे घालून जोडलेले. या जोडाला टोप तेणी म्हणतात. त्यामुळं प्रत्येक साडीसाठी ताणा नव्यानं जोडावा लागतो, एकदा लांबलचक ताणा चढवला आणि विणत सुटले असं होत नाही. उंदरानं केलेल्या भोकातून अंग आणि पदर जिथं भेटतात ती रेघ दिसते का बघा. भिंग लावलं तर फासे सापडतील.

आज्जींनी पदर आत का घातला असेल, हे मी सांगते. नेसणीचं अंग आधी विरतं, पदर मागं राहतो. पदराचं बाळाला झबलं नाहीतर कुंची व्हायची. तेवढं लहान बाळ घरात नसेल तेव्हा तो वाकळेत जायचा.

रेशीम खरं का बघायचं असेल तर सुटलेला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. कागदाचा वास आला तर सूत किंवा नकली रेशीम, म्हणजे रेयॉन. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर.

वहिफणी:
ताई, उसवू नकासा. मी इचलकरंजीत ३४ वर्षं वहिफणी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, मागावर चढायच्या आधी ताण्याचा एकेक तार वहीतनं, म्हणजे तार वरखाली करणाऱ्या चौकटीतनं, आणि मग फणीतनं ओढायला लागतो. ४८ इंच पन्हा आणि इंचाला ६० तार धरा, २,८८० तार होतात. एक चुकला तर कापडात वरपासून खालपर्यंत रेघ पडते. म्हणून सांगतो, आज्जीनं धरलेले इंचाला पाच टाके मला वाचूनच दिसले.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी आणला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मिल काढली १९०६ ला. तेव्हापासनं या जिल्ह्यात कापड कधी लांबून बघायची गोष्ट राहिली नाही. आमच्या गल्लीत झोप लागायची ती मागाच्या खडखडाटात, आणि माग बंद पडला की जाग यायची. वाकळेतला शर्ट आमच्याकडचाच असंल असं माझं मन सांगतंय, पुरावा काही नाही.

आता कामाचं. विरलेलं कापड आता स्वतःच्या जोरावर उभं नाही, टाक्यांच्या जोरावर उभं आहे. टाका काढला की तुमच्या हातात चिंध्या येतील. धुवायलाही टाकू नका. सूत भिजून टिकतं, पण नकली रेशीम ओलं झालं की निम्मं बळ जातं. वरनं नवीन सुती कापड घाला आणि जुन्या ओळींच्या मधल्या जागेत सैल टाके मारा.

जुनाबाजार:
माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्ण उसवू नका, हे बरोबर. पण कुरतडलेला कोपरा तसाही शिवायचा आहे. शिवण्याआधी तेवढाच वीतभर मोकळा करा, एकेका थराचे उजेडात फोटो काढा, आणि कुठला थर कुणाचा ते आईंच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा. कापड टिकणं हा योगायोग असतो. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती तुकडा धातूच्या क्षारांमुळं वाचला. त्याची तपासणी आपल्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत झाली, १९२९ मध्ये ती छापून आली. मंजिष्ठेनं रंगवलेलं सूत, साडेचार हजार वर्षांचं. पण ते कुणी नेसलं होतं हे सांगणारं कुणी नाही. तुमच्याकडं आई आहेत.

रंकाळाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपरा वीतभर मोकळा केला. लाल धागा पेटवला. केसांचा नाही, कागदाचा वास आला. मला जरा वाईट वाटलं, खरं रेशीम असेल असं धरून चालले होते. आईनं ते कापड हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नकलीच असणार. खऱ्याला पैसं कुठनं आणणार? पण हे माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीला आईनं नेसलेलं." ती मावशी मी पाहिलेली नाही. तिचा फोटोही घरात नाही.

थरांची यादी वहीत लिहिली, आईच्या शब्दांत. सातातले पाच तिनं ओळखले.

काठपदर, जोड सापडला! फासे इतके बारीक आहेत की भिंगाशिवाय ते नुसती रेघ वाटतात.

उसवणार नाही. वहिफणीकाका, वरून घालायला मांजरपाट आणू का?

वहिफणी:
आणा, पण धुतल्याशिवाय घालू नका. रात्रभर पाण्यात ठेवा, खळ निघून जाऊ दे, मग उन्हात वाळवा. असं दोनदा करा. नवं कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि वाकळेवर घातल्यावर आटलं तर जुन्याला ओढून फाडतं. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा विरलेल्या कापडाला सुरीसारखा कापतो.