क्लीनरची सीट सोडून स्टेअरिंगला बसलो आणि हातपायच गळाले

ताडपत्री

मंडळी, विचारायला थोडी लाज वाटतेय, पण विचारतो.

बरीच वर्षं ट्रकवर क्लीनर म्हणून काढली. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) आपटून आवाजावरून हवा सांगतो. ताडपत्री अशी आवळतो की वादळातही कोपरा फडफडत नाही. रिव्हर्सला मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ करत भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी लावून दिलीय. आता मालक म्हणाले, किती दिवस शेजारी बसणार, गाडी शिकून घे. उस्ताद, म्हणजे आमचे ड्रायव्हर, तेही शिकवायला तयार आहेत. गाडी सहाचाकी, हौद्याची, सध्या रिकामीच चालवायला देतात.

पण स्टेअरिंगला बसलो की काय होतं कळत नाही. तळहात घामाने निसरडे. क्लचवरचा पाय इतका थरथरतो की गाडी उड्या मारत सुटते. सरळ रस्त्यावर कसंबसं निभावतं, पण डावीकडे वळायचं म्हटलं की डोकं बंद पडतं. वळणाच्या खूप आधीच मी गाडी जवळजवळ उभी करतो, मागचे हॉर्नवर हात दाबून बसतात, आणि मग त्या घाईत गिअर सापडत नाही. उस्ताद ओरडत नाहीत. खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, ते जास्त लागतं.

आणखी एक खुळ. ब्रेकच्या टाकीत हवा भरली की खालून ‘फुस्स’ आवाज येतो ना, तो जन्मभर ऐकलाय. पण स्टेअरिंगवर बसून ऐकला की पोटात गोळा येतो, वाटतं ब्रेकची हवा गेली.

जिच्याखाली उन्हापावसात झोपलोय त्या गाडीची भीती का वाटावी? तुमची कशी गेली? ‘हळूहळू सवय होते’ सोडून काहीही सांगा.

निवांत नाना

तुझी भीती खुळी नाही बाबा, हिशेबाची आहे. इतकी वर्षं तू बसायचास कुठे? डावीकडे. गाडीची ती बाजू तूच सांभाळत होतास. ‘थांबा, थांबा, सायकल आहे’ असं किती वेळा ओरडलास आणि काय काय टळलं, हे ड्रायव्हर विसरला असेल, तू नाहीस. आता उजव्या सीटवर गेलास आणि ती बाजू एकदम आंधळी झाली. तिथून काय निघू शकतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? पाय लटपटणारच. कारवरून थेट ट्रकवर आलेल्या पोरांना ही भीती सुरुवातीला नसते. खरं सांगू का, त्यांच्या शेजारी बसताना मलाच घाम फुटतो.

तेव्हा धीर वगैरे गोळा करत बसू नकोस. ती आंधळी जागा आधी मोजून घे. मोकळ्या मैदानात गाडी उभी कर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ठोकळा. तू ड्रायव्हर सीटवर. कुणाला तरी गाडीला चिकटून सावकाश पूर्ण चक्कर मारायला लाव. तो खिडकीतूनही दिसेनासा झाला आणि कुठल्याच आरशातही नाही, की तू हाक मारायची आणि त्याने तिथे खडूने रेघ ओढायची. पुन्हा दिसला की दुसरी रेघ. चक्कर झाली की खाली उतर आणि त्या रेघांवरून स्वतः चाल. डाव्या दरवाज्याखालचा पट्टा, बंपरपुढचा पट्टा आणि हौद्याच्या पाठीमागचं सगळं, एवढं आंधळं निघेल. बाकी आरशात आहे. गोल, फुगीर आरशात माणूस लहान आणि लांब दिसतो, तो असतो जवळ, हेही त्याच वेळी पडताळून बघ.

मग वळण. एका कोपऱ्याला रिकामा डबा ठेव आणि त्याला वळसा घालून डावीकडे वळ. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सपाट जमिनीवर रिकामी डिझेल गाडी आयडलवरच पुढे सरकते, तेवढा वेग पुरे. एक नजर पुढे, एक नजर डाव्या आरशात मागच्या चाकावर. दोन एक्सलमध्ये ५ मीटर अंतर असेल आणि पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर मागचं चाक साधारण १ मीटर आतून जातं. गाडी लांब असेल किंवा वळण अरुंद असेल तर आणखी आत. आकडा पाठ करू नकोस, डबा कधी चेपतो ते बघ. एकदोन डबे चेपले गेलेच पाहिजेत, त्याशिवाय मीटर म्हणजे किती ते डोळ्यांना कळत नाही.

तुझी केबिन सपाट तोंडाची असेल तर तू पुढच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही पुढे बसतोस. कोपरा खांद्याशी आला म्हणून स्टेअरिंग फिरवलंस तर फार लवकर फिरवलंस. नाक पुढे जाऊ दे, मग फिरव. गाडी जवळजवळ उभी करून वळण्यात काही वाईट नाही, फक्त गिअर आधी टाकून ठेव. वळणात शिरल्यावर गिअर शोधायला गेलास की डोळे खाली जातात आणि आरसा सुटतो.

आता तुझं ‘फुस्स’. हवा पुरेशी भरली की एअर ड्रायर आत साठलेलं पाणी बाहेर फेकतो, त्याचा तो आवाज. म्हणजे हवा आहे! उलट बराच वेळ तो आवाज आलाच नाही तर गेज बघ. हँडब्रेक हवेने लागत नाही, स्प्रिंगने लागतो, हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग चाकं आवळते. ही उलटी अक्कल रेल्वेकडून आली. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमाराला, हवा गेली की ब्रेक आपोआप लागावा अशी रचना आगगाडीसाठी केली होती. तरी कमी हवेचा बझर वाजला तर स्प्रिंगच्या भरवशावर राहू नये, लगेच बाजूला घेऊन थांबावं.

टँकरवाली

नानांनी डोळ्यांचं सांगितलं, मी पायाचं सांगते.

दादा, तुम्ही सीट हलवता का? खरं सांगा. शिकणारे बहुतेक जण उस्तादांनी ठेवलेल्या सीटवर तशीच चालवतात, हात लावायचा संकोच. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली. पाय ताणून बोटांच्या टोकाने क्लच धरलात तर कुणाचाही थरथरेल, त्यात भीतीचा हात निम्माच. सीट पुढे घ्या, मग आरसे लावा. या क्रमानेच, कारण सीट हलली की आरसे चुकतात. गाडी सुटली की डावा पाय क्लचवरून काढून शेजारी टेकवा. तो तिथेच तरंगत ठेवायची खोड लागली तर पायही दुखतो आणि क्लचप्लेटही झिजते.

दुसरं म्हणजे, बोला. मोठ्याने. इतकी वर्षं ड्रायव्हरला सांगत होतात ना, ‘डावीकडे सायकल, पुढे खड्डा, मागून बस येतेय’? आता तेच स्वतःला सांगा, उस्तादांना ऐकू जाईल असं. ही काही माझी आयडिया नाही, ब्रिटनमध्ये पोलिसांना गाडी शिकवतात तेव्हा असंच बोलत चालवायला लावतात. बोलणारा माणूस श्वास धरून ठेवू शकत नाही, आणि घाबरल्यावर आपण नेमकं तेच करतो. नजरही सुटी राहते. घाबरलं की ती बोनेटपुढच्या दहा हातांवर खिळते, आणि मग सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं. पुढे जिथे दहा-बारा सेकंदांनी पोचणार तिथलं बोलायला लागा.

उस्ताद हसतील कदाचित. हसू द्या, निदान खिडकीबाहेर तरी बघणार नाहीत.

हायवेचा राजा

एवढा विचार कशाला करताय भाऊ. रात्री उशिरा रस्ता मोकळा असतो, तेव्हा दाबून चालवा. हात साफ होतो, भीती गायब.

निवांत नाना

राजेसाहेब, नका पाठवू त्याला रात्री. अंधारात आरशात फक्त दिवे दिसतात. त्याला जे शिकायचंय ते मागचं चाक आणि रस्त्याची कड, दोन्ही दिसत नाहीत. शिवाय मोकळ्या रस्त्यावर वेग चढतो आणि वाटतं, आलं की आपल्याला. हवेच्या ब्रेकला पाय दाबल्यापासून चाक आवळेपर्यंत क्षणभर जातोच. ताशी ६० च्या वेगाला अर्ध्या सेकंदात ८ मीटर जातात, आणि तुमचा पाय हलायला लागलेला वेळ यात धरलेला नाही. गाडी रिकामी आहे म्हणून ती लवकर थांबेल असंही धरू नये. ब्रेक आणि स्प्रिंगचे पाटे भरल्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात, रिकामी गाडी जोरात ब्रेक मारला की उसळते, चाकं घसरतात.

दिवसा, कमी वर्दळीत, ठरलेल्या एकाच रस्त्यावर फिरावं. तोच तोच रस्ता कंटाळवाणा झाला पाहिजे. कंटाळा आला की समज भीती उतरायला लागली.

ताडपत्री

नाना, खडूचा प्रयोग केला. उस्तादांच्या शाळकरी पोराला फिरवलं. बंपरला पाठ टेकून उभा राहिला तर त्याचे केससुद्धा दिसेनात. मी हाक मारतोय आणि तो खालून हसतोय, ‘काका, मी इथेच आहे’. काच पुसायला, नंबरप्लेट धुवायला मी रोज त्याच जागी उभा राहायचो, तेही गाडी चालू असताना. आता नव्या क्लीनरला सांगून ठेवलंय, तू समोरून बाजूला होऊन मला दिसल्याशिवाय मी गिअर टाकणार नाही.

टँकरवाली ताई, सीट चांगलीच मागे होती. पाय अजून थरथरतो, पण गाडी उड्या मारत नाही. बोलत चालवतो. उस्ताद आता मधेच ‘उजवीकडचं राहिलं’ म्हणतात.

आता अडलंय चढावर. थांबलो आणि मागे कोणी चिकटून उभा राहिला की पुन्हा तेच. गाडी मागे सरकेल या धास्तीने क्लच झटकन सुटतो आणि इंजिन बंद.

टँकरवाली

चढावर पायाच्या ब्रेकवर थांबून राहू नका. हँडब्रेक ओढा आणि पाय मोकळा करा. हँडब्रेक ओढलेला आहे म्हणजे गाडी धरलेली आहे, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी. निघायचं झालं की पहिला गिअर, रिकामी असली तरी पहिलाच. क्लच सावकाश वर घ्या, इंजिनचा आवाज जड होईपर्यंत. केबिन किंचित उचलल्यासारखी वाटेल. तिथे पाय थांबवा, थोडं ॲक्सिलरेटर द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. आवाज जड व्हायच्या आधी सोडलात तर गाडी मागे येते, आणि तिथेच क्लच फार वेळ धरून ठेवलात तर प्लेट जळाल्याचा वास येतो. तो वास तुम्हाला मी काय सांगणार.

आधी मागे कुणीही नसलेल्या चढावर करा. इंजिन बंद पडलं तर पाय ब्रेकवर, हँडब्रेक, न्यूट्रल, पुन्हा स्टार्ट. हा क्रम मुद्दाम इंजिन बंद पाडून पाडून करा. तो हाताला बसला की बंद पडायची धास्ती राहत नाही, कारण पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. आणि पुढच्या गाडीपासून एका कारची जागा सोडून थांबा, मागे आली तर तीच येईल.

ताडपत्री

मुद्दाम बंद पाडायचं हे आवडलं. उस्तादांना वाचून दाखवलं. म्हणाले, पाड बंद हवं तेवढं, पण चढ कुठला ते मी ठरवणार.