मराठी, कन्नड आणि इंग्रजी स्क्रीनच्या व्हिज्युअल रिग्रेशन चाचणीसाठी कोणते साधन घ्यावे?

निपाणीकर (प्रश्न)

नमस्कार. बेळगाव आणि चिक्कोडी भागातील सहकारी पतसंस्थांसाठी आम्ही चौघे मिळून एक वेब-प्रणाली सांभाळतो. तिचे सुमारे ४० स्क्रीन असून प्रत्येक स्क्रीन मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत दिसतो. आमची अडचण अशी, की सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) एखाद्या बटणाची उंची बदलली, की इंग्रजी मजकूर नीट दिसतो, पण कन्नड जोडाक्षराचा खाली येणारा भाग कापला जातो आणि मराठीत वरची वेलांटी किंवा रफार नाहीसा होतो. नेहमीच्या स्वयंचलित चाचण्यांना हे कळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मजकूर डॉममध्ये (ब्राउझरच्या स्मृतीतील पानाच्या रचनेत) पूर्ण असतो. म्हणून जुन्या आणि नव्या स्क्रीनशॉटची तुलना करणारे, म्हणजेच व्हिज्युअल रिग्रेशन चाचणीचे साधन हवे आहे. प्लेराइट, बॅकस्टॉपजेएस, पर्सी, क्रोमॅटिक आणि ॲप्लिटूल्स ही नावे वाचली आहेत. लहान गटाने यांपैकी काय निवडावे?

उद्यमबाग_कोड

तुमच्या चाचण्या आधीच प्लेराइटमध्ये असतील, तर दुसरे काही शोधण्यापूर्वी त्यातील ‘टु-हॅव-स्क्रीनशॉट’ वापरून पाहावे. ते विनामूल्य आहे, लागोपाठचे दोन स्क्रीनशॉट सारखे येईपर्यंत थांबते आणि ॲनिमेशन आपोआप बंद ठेवते. बदलणारी तारीख किंवा पावती क्रमांक मास्क करून (झाकून) तुलनेतून वगळता येतो. बॅकस्टॉपजेएसही चांगले आहे, विशेषतः चाचणीचा कोड न लिहिता केवळ पत्त्यांची यादी देऊन काम भागवायचे असेल तर. पण तुमच्याकडे लॉगिन आणि भाषाबदल असल्यामुळे थोडाफार कोड लिहावा लागणारच.

माझ्या मते तुमच्यासाठी साधनापेक्षा फॉन्टचा प्रश्न मोठा आहे. विंडोजवर भारतीय लिप्यांसाठी निर्मला हा फॉन्ट वापरला जातो, लिनक्सवर बहुधा नोटो किंवा लोहित. त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर घेतलेला संदर्भ-स्क्रीनशॉट (ज्याच्याशी पुढची तुलना होते, ते मंजूर चित्र) सर्व्हरवरच्या स्क्रीनशॉटशी कधीच जुळणार नाही. प्लेराइट संदर्भचित्राच्या नावातच ब्राउझर आणि प्रणालीचे नाव घालते, ते याच कारणासाठी. संदर्भचित्रे आणि चाचण्या दोन्ही एकाच डॉकर इमेजमध्ये (सर्वत्र सारख्याच राहणाऱ्या बंदिस्त प्रणालीत) चालवाव्यात, नोटो देवनागरी आणि नोटो कन्नड हे फॉन्ट वेबफॉन्ट (पानासोबत उतरणारे फॉन्ट) म्हणून प्रकल्पातच ठेवावेत आणि फॉन्ट पूर्ण उतरल्याची खात्री झाल्यावरच चित्र घ्यावे. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असल्याशिवाय काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. ती नोंद कोणी चुकून काढली, तर स्क्रीनशॉटची चाचणी ते लगेच पकडते. हा एक अनपेक्षित फायदाच म्हणायचा.

खानापूर_ते_पुणे

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त सहनशीलतेच्या मर्यादेबद्दल सावध करावेसे वाटते. १२८० × ७२० आकाराच्या चित्रात ९,२१,६०० पिक्सेल असतात. ‘एक टक्का फरक चालेल’ असे लिहिले, की नऊ हजारांहून अधिक पिक्सेल बदलले तरी चाचणी उत्तीर्ण होते, आणि साध्या आकाराच्या अक्षरावरील अनुस्वार तर मोजक्या पिक्सेलांचाच असतो. बॅकस्टॉपजेएसच्या मूळ मांडणीतील ०.१ टक्का म्हणजेही नऊशेहून अधिक पिक्सेल होतात. तुम्हाला नेमकी वेलांटी आणि रफारच पकडायचे आहेत, म्हणून पूर्ण पानाऐवजी बटण, तक्त्याचे शीर्षक, मेनू अशा एकेका घटकाचे चित्र घ्यावे आणि मर्यादा टक्क्यांत न देता पिक्सेलांच्या संख्येत द्यावी. प्लेराइटमधील ‘थ्रेशोल्ड’ ही वेगळी गोष्ट आहे: तो एका पिक्सेलच्या रंगातील फरक किती सोसायचा ते ठरवतो, आणि त्याचे मूळ मूल्य ०.२ असते.

सशुल्क सेवांचे गणितही आधी मांडावे. पर्सी (२०२० पासून ब्राउझरस्टॅककडे) आणि क्रोमॅटिक (स्क्रीनचे घटक सुटे करून दाखवणारे स्टोरीबुक हे साधन सांभाळणाऱ्यांचे) या दोन्हींच्या विनामूल्य योजनेत महिन्याला ५,००० चित्रांची मर्यादा आहे. तुमचे ४० स्क्रीन, तीन भाषा आणि मोबाइल व संगणक अशा दोन रुंदी धरल्या, तर एका फेरीत २४० चित्रे होतात. विसाव्या फेरीनंतर मर्यादा संपत येते. दुसरा ब्राउझर जोडला, तर दहाव्या फेरीनंतरच. त्यांचा खरा फायदा असा, की चित्र त्यांच्याच यंत्रणेत तयार होत असल्यामुळे डॉकरची खटपट वाचते आणि मंजुरीचा स्क्रीन सुबक मिळतो. ॲप्लिटूल्स पिक्सेलऐवजी दृश्याचा अर्थ लावून फरक शोधते आणि किरकोळ फरकांची ओरड कमी करते; परंतु तुम्हाला किरकोळ फरकच हवे आहेत. कोणतीही सेवा घेतली, तरी खातेदारांची खरी नावे आणि शिल्लक त्या चित्रांत जाता कामा नये. चाचणीसाठी बनावट खाती तयार करावीत.

निपाणीकर

दोघांचेही आभार. प्लेराइट आणि डॉकर असे ठरवतो आहे. मंजुरीबाबत एक शंका आहे: संदर्भचित्र बदलायचे की नाही, हे आमच्यापैकी कोणी ठरवावे? आणि पासबुकाच्या छापील पानाची चाचणी याच पद्धतीने होईल का?

उद्यमबाग_कोड

मंजुरी देणाऱ्याला ती लिपी वाचता आली पाहिजे, एवढा एक नियम पाळावा. पहिल्याच दिवशी कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन उमटलेले असतील आणि ते संदर्भ म्हणून साठवले गेले, तर चाचणी ते चौकोन कायम बरोबरच ठरवील. म्हणून पहिली चित्रे तरी कन्नड वाचणाऱ्याने आणि मराठी वाचणाऱ्याने स्वतंत्रपणे ओळ न् ओळ पाहावीत. आपल्या भागात दोन्ही वाचणारे सहज मिळतात, पण सवयीने नजर पुढे सरकते, म्हणून दोघे असलेले बरे. प्लेराइटची आवृत्ती बदलली, की ब्राउझर बदलतो आणि पुष्कळ चित्रे एकदम हलतात. तो बदल वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधील बदलाच्या स्वतंत्र नोंदीत) करावा, त्यात दुसरे काही मिसळू नये. चित्रे गिटमध्ये ठेवल्याने भांडार लवकर फुगते, तेव्हा गिट एलएफएसचा (मोठ्या फायली भांडाराबाहेर ठेवण्याच्या सोयीचा) विचार सुरुवातीलाच करावा.

पासबुकाचे पान पीडीएफ म्हणून तयार होत असेल, तर पॉप्लर या पीडीएफ-साधनसंचातील ‘पीडीएफ-टू-पीपीएम’ने त्याची चित्रे करून पिक्सेलमॅच या चित्रे ताडून पाहणाऱ्या साधनाने तुलना करता येते, रिझोल्यूशन मात्र दरवेळी तेच ठेवावे. थेट डॉट-मॅट्रिक्स छपाईयंत्राला मजकूर पाठवत असाल, तर यांपैकी कोणतेही साधन उपयोगी नाही; तिथे छापलेला कागद हातात घेऊनच पाहावा लागेल.