मदत हवी आहे: बंद एक्स-रे कॅसेट उघडावी का? आत नायट्रेट फिल्म असण्याची भीती

वस्तूसंग्रह:
नमस्कार मंडळी. मी एका लहान वैद्यकीय संग्रहालयाचं काम पाहते. जुन्या एक्स-रे विभागाचं सामान आमच्याकडे आलंय: काचेच्या प्लेटा, पाकिटांतल्या फिल्म आणि कॅसेटचा (एक्स-रे काढताना फिल्म ठेवायच्या चपट्या, उजेड न शिरणाऱ्या पेट्यांचा) एक गठ्ठा. प्लेटा खोबणीच्या पेटीत उभ्या लावल्या, त्यांची काळजी नाही. धास्ती फिल्मची आहे. कोडॅकची ॲसिटेटवरची, सहज पेट न घेणारी सेफ्टी एक्स-रे फिल्म १९२४ साली आली, पण त्यानंतरही जुनी, झटकन पेटणारी नायट्रेट फिल्म वापरात राहिली. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या तळघरात अशाच फिल्मनी पेट घेतला आणि १२३ माणसं गेली, त्यातली बहुतेक विषारी धुराने. त्यामुळे हे सगळं कपाटात ढकलून 'नंतर बघू' म्हणायला मन धजत नाही.

काही फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' छापलंय, बाकीच्या कोऱ्या आहेत. कोऱ्यांपैकी काही पिवळट पडल्यात, एकीची कड तर बोटाला चिकटते. शिवाय एक कॅसेट अजून बंद आहे आणि तिच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर 'लोडेड', म्हणजे आत फिल्म आहे, असं लिहिलंय. ती उघडावी का, आणि कशी?

डार्करूमवाले काका:
ताई, उघडा, पण उजेडात नको. त्या काळच्या एक्स-रे फिल्मवर निळ्या-जांभळ्या उजेडाचा परिणाम होतो, तांबड्याचा होत नाही. कॅसेटच्या आत दोन्ही बाजूंना कॅल्शियम टंगस्टेटचे पडदे असतात, किरण पडले की ते निळसर चमकतात आणि फिल्मवर चित्र मुख्यतः त्या चमकेनेच उमटतं. म्हणून डार्करूममध्ये मंद लाल दिवा लावून उघडा. इतक्या वर्षांत फिल्म फॉग झालेली (आपोआप काळपट पडलेली) असणारच, तरी तिच्यावर एक्स-रे घेतला होता की नाही हे रसायनात धुतल्याशिवाय (डेव्हलप केल्याशिवाय) कळायचं नाही.

स्प्रिंगपट्ट्या एकेक करून सोडा. झाकण झटक्यात वर घेऊ नका, फिल्म पडद्याला चिकटली असेल तर ओढताना दोन्ही फाटतात. पडदा पुसायचा तर मुळीच नाही. हातमोजे घाला, कारण मागून परतणारे किरण अडवायला झाकणात बऱ्याचदा शिशाचा पत्रा असतो.

फिल्मसंवर्धक:
काकांनी सांगितलं ते बरोबर, फक्त जिवाची काळजी आधी. झाकण सैल होताच नाकाला झोंबणारा आम्लाचा वास आला किंवा आत तपकिरी चिकट लगदा दिसला, तर त्या चित्राचा नाद सोडा. खिडक्या उघडा आणि कॅसेट बाकी संग्रहापासून लांब न्या.

'सेफ्टी' छापलेल्या फिल्म वेगळ्या काढा. छाप नाही म्हणजे नायट्रेटच असं नाही, पण खात्री होईपर्यंत तसंच धरून चाला. व्हिनेगरसारखा वास ॲसिटेट कुजल्याचा, म्हणजे ती आगीच्या दृष्टीने धोक्याची नाही. वासासाठी पाकिटात नाक मात्र घालू नका. खात्रीची चाचणी डायफेनिलअमाइन या रसायनाची: सल्फ्युरिक आम्लातल्या त्याच्या द्रावणात फिल्मची बारीक चिरफळी टाकली की नायट्रेट असेल तर गडद निळा रंग येतो. ती प्रयोगशाळेकडूनच करून घ्या. तुकडा पेटवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जळताना लागणारा ऑक्सिजन नायट्रेटमधूनच सुटतो, त्यामुळे ती पाण्याखालीही जळत राहते.

चिकटणारी फिल्म आजच बाजूला काढा. तिला हवाबंद प्लॅस्टिकमध्ये घालू नका, बाहेर पडणारा वायू कोंडला की ती आणखी वेगाने सडते. कागदी पाकीट, खेळती हवा, थंड जागा. आणि फिल्म परत कॅसेटमध्ये ठेवायचा मोह टाळा, तो वायू कॅसेटचा धातूही खातो. साठा किती आणि कुठे आहे हे अग्निशमन दलाला आधीच कळवून ठेवा.

वस्तूसंग्रह:
दोघांचे मनापासून आभार. चिकटणारी फिल्म आत्ताच वेगळी केली. बंद कॅसेट डार्करूमची सोय होईपर्यंत तशीच, पण बाकीच्यांपासून लांब ठेवते. आणखी एक अडचण: काही फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आहे. प्रदर्शनात लावायच्या तर कोपरा कापावा का?

फिल्मसंवर्धक:
कापू नका. डावी-उजवी बाजू दाखवणाऱ्या शिशाच्या अक्षराची छापही बहुधा त्याच पट्ट्यात असते, ती गेली की फिल्म उलटी लागली तरी कळणार नाही. स्कॅन करा, प्रतीवरचं नाव झाका आणि प्रतच लावा. नायट्रेट निघाली तर मूळ फिल्म तशीही दिव्याच्या पेटीवर ठेवता येणार नाही.