मदत हवी आहे: २२० व्होल्टचा जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर, घरात २४३ व्होल्ट

मंडळी, जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरबद्दल सल्ला हवाय. ट्रान्सफॉर्मरवर फक्त २२० व्होल्टचा टॅप (लाइन जोडायची जागा) आहे आणि घरातली लाइन रात्री २४३ पर्यंत चढते. म्हणजे जवळपास दहा टक्के जास्त, आणि ते आतल्या प्रत्येक व्होल्टेजवर तसंच उतरतं.

मल्टीमीटर लावून पाहिलं. फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टच्या जागी ६.९ मिळतायत, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेच्या अगदी काठावर. पण खरी धास्ती एचटीची, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजची. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर कमाल ३५० व्होल्ट लिहिलंय आणि तिथे मोजले ३४८! त्यात आधीच्या कुणीतरी रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) काढून डायोड बसवलेत (का, देव जाणे). त्यामुळे चालू करताच, ईएल८४ (आउटपुट व्हॉल्व्ह) तापून करंट ओढायच्या आधीच, एचटी ३५० च्या पार जातं. तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून ठेववत नाही.

कपॅसिटर ४५० व्होल्टचे टाकणारच आहे. प्रश्न लाइन उतरवायचा आहे. १८ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची सेकंडरी (१८ व्होल्टची गुंडाळी) लाइनशी उलट्या फेजमध्ये सिरीजला जोडली तर २२५ च्या आसपास मिळतील असा हिशोब आहे. अँप्लिफायर अर्ध्या अँपिअरच्या आतच ओढतो, तेव्हा एवढा पुरेल असं वाटतं. कुणी असं कायमचं जोडून वापरलंय का? फ्यूज कुठे घातला? गुणगुण वाढली का? व्हेरिॲक (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) नको वाटतो, चुकून कुणी मूठ फिरवली की संपलं.

आणि व्होल्टेज उतरवल्यावर कॅथोड रेझिस्टर (व्हॉल्व्हचा करंट ठरवणारा) बदलावा लागेल की आहे तोच चालेल?