एफटी २३२ एच आणि पायएफटीडीआय: सेन्सर उत्तरच देत नाही

चाळकरी:
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या कांदाचाळीतली आर्द्रता लॅपटॉपवर नोंदवायचीय, कारण ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की सड वाढते. वेगळा मायक्रोकंट्रोलर नको म्हणून एफटी २३२ एचचं मोड्यूल (सेन्सर यूएसबीला जोडून देणारी चिप) आणि आर्द्रता मोजणारा बीएमई २८० सेन्सर घेतला. उबुंटू, पायथन आणि ही चिप चालवणारी लायब्ररी पायएफटीडीआय. आधी ‘लँगआयडी नाही’ अशी एरर यायची, सुडो (ॲडमिनचे हक्क) लावल्यावर गेली. आता पोर्ट उघडतो, पण सेन्सरच्या हेक्स ७६ या पत्त्यावर वाचायला गेलं की नॅक, म्हणजे पोचच नाही. ७७ वरही तेच. डी० ला एससीएल (क्लॉकची तार), डी१ ला एसडीए (डेटाची तार), ३.३ व्होल्ट, ग्राउंड, सगळं मल्टिमीटरने तपासलंय. सेन्सर मेलाय का?

ताम्रपट:
सेन्सरला एवढ्यात मारू नकोस. डी२ ला काय जोडलंय? काहीच नाही ना?

या चिपमधलं डेटाची देवघेव करणारं एमपीएसएसई इंजिन डी१ वरून पाठवतं आणि डी२ वरून ऐकतं. आयटूसीत, म्हणजे सेन्सरशी बोलायच्या या दोन तारांच्या पद्धतीत, एसडीए एकच तार, त्यामुळे डी१ आणि डी२ एकत्र जोडून मग सेन्सरच्या एसडीएला न्यायच्या. डी२ मोकळी सोडली तर आतल्या पुल-अपने (तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरने) ती वरच राहते. सेन्सर बिचारा तार खाली ओढून ॲक (पोच) देतोय, चिपला पत्ताच नाही, ती नॅक नोंदवते. काही बोर्डांवर यासाठी स्विच असतो. नसेल तर एक जंपर वायर पुरे. सेन्सरच्या बोर्डवर पुल-अप आहेत का तेही बघ. नसतील तर दोन्ही तारांना ४.७ किलोओमचे, ३.३ व्होल्टला.

आणि ते सुडो सोड. लँगआयडीची एरर दिशाभूल करते, मूळ भानगड परवानगीची असते. लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या यूडेव्हचा नियम लिही: व्हेंडर ०४०३, प्रॉडक्ट ६०१४. नियम रीलोड कर, अडॅप्टर काढून परत लाव.

रात्रपाळी:
आयटूसीच्या तारा चाळभर ओढू नका. बसची (या तारांची) कपॅसिटन्सची मर्यादा ४०० पिकोफॅरड, लांब तारांनी ती लगेच भरते. लांबी यूएसबीच्या बाजूने घ्या, तिथे ५ मीटरची केबल चालते.

चाळकरी:
काका, जंपर टाकला आणि ७६ वर ॲक आला! नियमही लिहिला, सुडोशिवाय चालतंय. पण आयडीच्या रजिस्टरमधून हेक्स ५८ येतंय, डेटाशीटमध्ये ६० आहे. तापमान बरोबर दिसतं, आर्द्रतेचा आकडा मात्र हलत नाही.

ताम्रपट:
५८ म्हणजे तुझ्या हातात बीएमपी २८० आहे. तापमान आणि दाब मोजतो, आर्द्रता नाही. कोड कितीही बदललास तरी ती यायची नाही. बीएमई म्हणून बीएमपी गळ्यात मारणं बाजारात सर्रास चालतं. धातूची टोपी बघ: बीएमई २.५ मिमी चौरस, बीएमपी २ बाय २.५, जरा लांबट. दुकानदाराला आयडीचा स्क्रीनशॉट पाठव आणि बदलून माग. नवा आला की प्रोग्रॅममध्ये सगळ्यात आधी आयडी वाच. ६० नसेल तर पुढे जाऊच देऊ नकोस.